बत्तीस की चाळीस

फळ्यावर ‘३२’च्या खाली सव्वीस नावं चिकटली होती आणि ‘४०’च्या खाली एकच. ओगिनो मियोरी. गुलाबी चुंबकपट्टीवर, ठसठशीत अक्षरांत. बाईंचा तास बघायला येऊन वर्गात मागे उभ्या राहिलेल्या एकतीस पाहुण्या शिक्षकांना चष्मा न लावताही वाचता येईल इतकं.

तासाच्या सुरुवातीला चाळीसखाली अकरा जण होते. “मत बदललं तर उठा आणि आपलं नाव हलवा,” सेगावा बाई म्हणाल्या, आणि एकेक जण सटकला. शेवटी गेन्तासुद्धा गेला! पाचवीत येऊनही बोटांवर गुणाकार करणारा गेन्ता!

“ए, हलव ना,” तो मागून कुजबुजला. “आज जेवणात करी आहे. तुझ्यापायी थंडगार खायची का?”

“तुला तरी कळलं का, बत्तीस कसे ते?”

“कळून काय करायचंय? सगळे तिकडेच आहेत.”

प्रश्न साधा होता. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांवर पिना, झाली चौकट. एक बाजू आठ, दुसरी पाच. आत चाळीस चौकोन मावतात. आता तीच चौकट बाजूने ढकलून तिरकी केली, उंची पाचाची चार झाली, तर आत किती? वर्गातल्या सुमिरेने तशाच तिरक्या कागदाचं एक टोक कापून पलीकडे जोडलं आणि आयत करून दाखवला. आठ गुणिले चार, बत्तीस. दिसत तर बरोबर होतं. तरी मियोरीला पटत नव्हतं.

उठायचं, पाच पावलं चालायचं, पट्टी हलवायची, सुटलं. पण ते खोटं झालं असतं. आणि नाही हलवली तर? अशा तासाला फळ्यावरचं काही पुसत नाहीत. तास संपला की सगळे पाहुणे फळ्याचा फोटो काढतात. म्हणजे चुकलेली ओगिनो मियोरी एकतीस शाळांत जाऊन पोहोचणार!

बाईंनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या हातातही तोच कागद होता, तासाचा मिनिटामिनिटाचा आराखडा. अडतिसाव्या मिनिटाला सगळी मुलं बत्तीसवर येणार, मग फळ्यावरच्या लाल चौकटीत सारांश. एक्केचाळिसावं मिनिट चालू होतं. लाल चौकट रिकामी होती. दारातून उपमुख्याध्यापक घड्याळावर बोट आपटत होते. बाईंचा असा हा पहिलाच तास. त्यांची मान कानांपर्यंत लाल झाली होती.

मियोरी उठली. मरू दे, हलवून टाकू.

“ओगिनो,” बाई म्हणाल्या, “कळलं म्हणून उठलीस, की कंटाळून?”

वर्ग खिदळला. मियोरी दोन बाकांच्या मधेच अडकली.

“बाई, ते आठ कुठे गेले?”

“कुठले आठ?”

“चाळिसातले. पट्ट्या त्याच, पिना त्याच. काही कापलं नाही, काही सांडलं नाही. मग आतली जागा गेली कुठे?”

“करीमध्ये पडली!” गेन्ता ओरडला. पाहुणेसुद्धा हसले. त्यांच्या पायातल्या, शाळेने दिलेल्या सपाता फटफटल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चौकट उचलून उलटसुलट पाहिली.

“हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आणि मलाही नीट सांगता येत नाहीये.”

मागे सरसर चालणारी पेनं थांबली. बाईंनी चौकट मियोरीच्या हातात दिली.

मियोरीने ती बाकावर ठेवून ढकलली. थोडीशी. मग आणखी थोडी. आणि आणखी! वरची पट्टी खालच्या पट्टीकडे झुकत चालली.

घंटा झाली. बाहेर जेवणाच्या गाड्याची चाकं खडखडली, करीचा वास आत घुसला. वाढपाची पाळी असलेली मुलं पांढरे एप्रन घालायला उठली आणि बाईंकडे बघून परत बसली. उपमुख्याध्यापक खाकरले. एकदा, मग मोठ्याने. कुणाचे तरी पाय बाकाखाली तडतडत होते.

“ओगिनो,” बाईंनी हळूच विचारलं, “हलवायचं का नाव?”

“थांबा ना, बाई!” मियोरी मान वर न करता खेकसली. “अजून झालं नाहीये.”

उपमुख्याध्यापकांच्या भुवया कपाळावर चढल्या.

पट्ट्या आता जवळजवळ एकमेकींना चिकटल्या होत्या. मधे एकही चौकोन मावणार नाही अशी नखाएवढी फट उरली होती. बाई बाकाशी गुडघे टेकून बसल्या आणि मियोरीच्या गालाला गाल लावून त्या फटीतून आत बघू लागल्या.