आकड्याआधी बोट

"आकडा मागाहून बघा हो, आधी बोट बघत जा," शुगर तपासायचं यंत्र हातात देताना नर्स म्हणाली होती.

"बोटात काय बघायचं, सिस्टर? बोट माझ्याच मुलीचं असणार ना!" तिनं हसून उडवून लावलं होतं.

आज त्याच दवाखान्यात ती ताठ मानेनं बसली होती. एरवी घरातून निघताना गॅस पुन्हा पुन्हा बघणारी, मुलगी नुसती शिंकली तरी दचकणारी बाई. पण आज तिच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. डायबेटिस असलेल्या मुलांचं आयुष्य कितपत सुखाचं जातंय हे इथल्या डॉक्टर मोजत होत्या, आणि त्यासाठी थोरलीला बोलावणं आलं होतं.

थोरली बारा वर्षांची. धाकटी जेमतेम पाचची, आईच्या मांडीवर, बोट तोंडात घालून.

"काढ आधी ते बोट. एवढी घोडी झालीस, आता कुठून लागली ही सवय?"

धाकटीनं बोट काढलं. आईची नजर वळताच पुन्हा घातलं.

"शुगरमुळे तुझं खेळायचं राहतं का गं?" डॉक्टरांनी थोरलीला विचारलं.

"नाही."

"मैत्रिणींकडे जायला नको वाटतं?"

"नाही."

"आणि घरी त्यावरून कटकट?"

थोरलीनं आईकडे पाहिलं. "आधी व्हायची. आकडा वाढला की आई जेवायचीच नाही. आता नाही होत."

"कशी होणार? आकडाच वाढत नाही!" आईला राहवेना. तिनं पर्समधून यंत्र काढून पुढे सरकवलं. "बघा तुम्हीच. महिनाभरात एकशे दहाच्या वर गेलेला एक आकडा दाखवा. आपलं आपण टोचून घेते. मी फक्त आकडा बघून इन्सुलिन देते, तेही आता कितीतरी कमी केलंय. तपासताना मला खोलीत येऊ देत नाही, इतकी स्वाभिमानी."

"एकटीच करते?"

"एकटी कसली! ही शेपूट असते ना सोबतीला." तिनं धाकटीचा गालगुच्चा घेतला. "आणि थोरलीचं मन किती मोठं बघा. प्रत्येक वेळी आपल्या वाटचं बिस्किट हिला देते. कुणी सांगावं लागत नाही."

थोरलीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि गटागटा संपवली. भरून आणायला उठली, तेव्हा फ्रॉक खांद्यावरून घसरला.

"वाळलीय का जरा?" डॉक्टर म्हणाल्या.

"उंची सुटलीय तिची. आमच्याकडे सगळ्या अशाच काठ्या."

थोरली भरलेली बाटली घेऊन परत आली. डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला. "तुझा चांगला दिवस कसा असतो?"

तिला विचार करावा लागला नाही. "आई आकडा बघते आणि हसते, तो."

आईचे डोळे भरून आले. रुमाल शोधता शोधता ती म्हणाली, "लाखात एक आहे हो माझी पोर. वाटतं, मीच हिच्याकडून शिकावं."

"खरंच, या प्रश्नांत इतके चांगले गुण अजून कुणालाच मिळाले नाहीत," डॉक्टर हसल्या. "आता फक्त इथला एक आकडा घेते, मग तुम्ही मोकळ्या." त्यांनी यंत्रात पट्टी सरकवली, सुई काढली. "चला, आमची शूर मुलगी कुठाय? बोट पुढे!"

थोरली जागची हलली नाही. दोन्ही हात तिनं पाठीमागे नेले.

धाकटीनं तोंडातलं बोट काढलं, फ्रॉकला नीट पुसलं, आणि डोळे घट्ट मिटून पुढे केलं.

"ताई," ती म्हणाली, "बिस्किट आणलंयस ना?"