न वाजवलेलं पातेलं

बाबांची सारी हयात पातेल्यांच्या कारखान्यात गेली. बाहेर पडणारं प्रत्येक पातेलं ते बोटाने वाजवत. टाळासारखं खणखणलं, तरच त्यावर कंपनीचा शिक्का बसे. म्हणूनच निवृत्तीनंतर लेकीसाठी त्यांनी त्याच शिक्क्याचं, लांब दांड्याचं नवंकोरं पातेलं नेलं. "डोळे मिटून वापर, बाळा. आपल्या घरचंच आहे!" दुकानात वाजवून मात्र पाहिलं नाही. घरच्या माणसाची का कुणी परीक्षा घेतं? महिन्याभरात उकळतं दूध नातीच्या पायावर सांडलं. बाबा धापा टाकत पोचले. "माझ्याच हातून घसरलं हो, बाबा," लेक नजर चुकवत म्हणाली. तिच्यामागे कचऱ्याच्या डब्यातून निखळलेला दांडा डोकावत होता. बाबांनी ओट्यावरचं पातेलं कानाशी नेलं, बोटाने हळूच वाजवलं. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. "घसरतं गं कधीकधी," ते कसंबसं म्हणाले, आणि नातीच्या पट्टीवर फुंकर घालत राहिले.