दारावरचे शिंतोडे

"ते बनियन आधी खाली ठेवा," मुलगी म्हणाली.

बाबांच्या हातात जुन्या बनियनचा बोळा होता आणि त्याने ते गाडीच्या टायरला पॉलिश लावत होते. निम्मं पॉलिश बनियननेच पिऊन टाकलं होतं, उरलेलं बोटांना लागलं होतं. मुलीचं गाड्या धुऊन चमकवून द्यायचं दुकान होतं. तिला ते बघवेना.

तिने पिशवीतून तीन वस्तू काढून पायरीवर मांडल्या. एक सपाट स्पंज, एक आतून खोलगट स्पंज आणि एक लांब दांड्याचा ब्रश.

"हा खोलगट टायरच्या गोलाईवर नीट बसतो. थर पातळ आणि सारखा लागतो. मी तोच वापरते."

"आणि हा?" बाबांनी ब्रश उचलला होता.

"तो खाचाखोचांत शिरतो. पण पॉलिश जास्त धरतो. वरून पुसून घेतलं नाही, तर चाक फिरलं की सगळं दारावर उडतं. पांढऱ्या गाडीवर तर बघायलाच नको."

"मला हाच बरा. वाकावं लागत नाही."

"घ्या मग. तुमची गाडी कुठे फिरणार आहे?"

ती सहज बोलून गेली, पण बाबांची मान खाली गेली. तिला वाईट वाटलं.

चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, हीच गाडी चालवता चालवता त्यांची शुद्ध हरपली. आई शेजारी बसली होती. तिला ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं. ती नुसती त्यांना हाका मारत राहिली. गाडी एका कुंपणात घुसून थांबली. कुंपण शेत खातं म्हणतात, ह्या कुंपणाने दोन जीव वाचवले.

डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवणं बंद, कायमचं. मुलगी गाडी विकायलाच निघाली होती. बाबा म्हणाले, "राहू दे दारात, मी नुसती पुसत बसेन." ती कशीबशी तयार झाली, पण अट घालून. गाडी जागची हलली, की त्याच आठवड्यात विकायची. एक किल्ली तिने स्वतःकडे घेतली. दुसरी आईच्या कपाटात ठेवली, कारण आईइतकी बिनधोक जागा घरात दुसरी नव्हती.

त्यानंतर दर रविवारी ती येऊन बघून जायची. टायर कोऱ्या बुटांसारखे काळेभोर असायचे. बाबांचं मन रमलेलं दिसत होतं, चेहऱ्यावर रंगही आला होता. आईनेसुद्धा सकाळचा शिवणाचा क्लास लावला होता.

"ह्या वयात?" मुलीने विचारलं.

"शिकायला काय वय लागतं?" उजव्या दंडाला क्रीम चोळत आई म्हणाली. ऊन लागून तो रापला होता. "आणि घरात बसून दोघांनी एकमेकांची तोंडं किती बघायची?"

ब्रश दिल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी मुलगी फाटकातून आत आली आणि गाडीपाशीच थांबली. पुढच्या चाकामागे, दाराच्या खालच्या भागावर, बारीक काळपट ठिपके उडाले होते. तिने एकावरून बोट फिरवलं. बोट चिकट झालं.

"बाबा, गाडी चालवलीत?"

"नाही."

"मग हे शिंतोडे आले कुठून?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. ब्रश त्यांच्या हातातच होता, म्हणजे चोर मुद्देमालासकट सापडलेला. "मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईची शपथ."

खोटं बोलले ते बोलले, वर आईची शपथ. मुलीचा पारा चढला आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

"परत तसं झालं तर? दर वेळी कुंपण मिळेल का? मला तुम्ही हवे आहात हो बाबा. आजारी असा, चिडके असा, पण असा."

"कळतं गं मलाही."

"कळतं तर हे कशाला? गुरुवारी गिऱ्हाईक घेऊन येते. गाडी गेली म्हणून समजा."

बाबा बराच वेळ ब्रशचे केस बोटाने नीट करत राहिले. "बुधवार तेवढा होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मग तुला हवं ते कर."

"बुधवारी काय आहे?"

बाबांनी परत चाकावर ब्रश फिरवायला घेतला. चाळीस वर्षं स्टॉप सोडून गाडी न थांबवणारा माणूस, त्याला बोलतं करणं सोपं नव्हतं.

आत आई भांडी विसळत होती. "तुला कळलं तरी कसं?" तिने पाठमोरीच विचारलं.

"टायरवरून. तू त्यांना किल्ली दिलीसच कशी?"

"मी नाही दिली. आहे माझ्यापाशीच."

आई भोळी, तिच्या नाकाखालून हत्ती नेला तरी तिला पत्ता लागायचा नाही, असं मुलीला वाटलं. तिने वाद वाढवला नाही.

बुधवारी तिने दुकान उघडलंच नाही. म्हाताऱ्याला शेवटची एक चक्कर मारायची असणार, हे तिने ताडलं होतं. रंगेहाथ पकडायचं आणि तिथेच किल्ली काढून घ्यायची, असं ठरवून ती सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ते बेशुद्ध पडलेले असतील, हॉर्न वाजत राहिला असेल, असं काहीबाही डोळ्यांपुढे येत होतं.

साडेनऊला पांढरी गाडी आली. पुढच्या काचेवर ऊन पडलं होतं, त्यातून बाबांची टोपी तेवढी ओळखू आली. मुलगी सरळ रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिने दोन्ही हात वर केले.

गाडी तिच्यापासून चार हातांवर अलगद थांबली. उजवीकडची काच खाली आली.

"बाजूला हो गं," स्टिअरिंगवरचे हात न काढता आई म्हणाली, "दहा वाजता माझी लायसन्सची टेस्ट आहे."