वरवंटा

"कुंदाकाकू गडावर पोचल्या, तर मी गेटवर बसून मिशी उतरवीन," सोसायटीच्या ट्रेकिंग क्लबचे म्होरके रणदिवे म्हणाले आणि यादीतलं काकूंचं नाव त्यांनी लाल पेनानं खोडलं. कारण काय, तर काकूंनी साठी गाठली.

"न्हावी सांगून ठेवा," काकू म्हणाल्या.

रविवारी पायथ्याशी रणदिवे तोऱ्यात हजेरी घेत होते. त्यांची सॅक यादीत नाव नसतानाही आलेल्या काकूंच्या पायाशी होती. मग काकू पदर खोचून, वाटेत करवंदं खात, आपल्या चालीनं चढल्या. रणदिवे मात्र दर वळणावर बसत, खांदे चोळत, धापा टाकत सगळ्यांच्या मागून वर आले.

काकूंनी रणदिव्यांच्या सॅकच्या तळातून आपला दगडी वरवंटा काढला आणि कातळावर मिरच्यांचा ठेचा वाटायला घेतला.

"ही चीटिंग आहे," रणदिवे कसेबसे बोलले.

"का बरं? पैज माझ्या चढण्यावर होती. तुमच्यावर कुणी लावलीच नव्हती."

बुधवारी सकाळी दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे गेटवर जमले. आरसा काकूंनी धरला होता. अर्धी मिशी उतरल्यावर त्यांनी न्हाव्याला थांबवलं आणि रणदिव्यांच्या हातात यादी दिली.

"आधी नाव लिहा. लाल पेनानंच."