तिसऱ्या मजल्याची यादी

यादीत शिंप्याचं नाव नव्हतं. टेबलामागच्या स्वयंसेविका बाईंनी बोट ठेवून ती पुन्हा वाचली आणि मान हलवली. बाळंतिणींच्या मजल्यावर कोणाला सोडायचं, ते बाळंतीणच लिहून देते. त्याबाहेरचा मोठ्या डॉक्टरांचा भाऊ असला तरी खालीच बसतो, असं त्यांनी समजावलं.

"मी तिचा बाप आहे," शिंपी म्हणाला.

बाईंनी यादी मिटली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

मुलीने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. हा हट्टाने गेला नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. ती बाळंत झाल्याचं आज दुपारी एका गिऱ्हाइकाकडून कळलं, तसा तो मशीन उघडंच टाकून निघाला होता. भेटीची वेळ सहापर्यंत. घड्याळात साडेपाच.

बाईंनी त्याला चहा आणून दिला, स्वतःही घेतला. जाता जाता दुसऱ्या स्वयंसेविकेने विचारलं, आज तुमचा वार नसताना कशा? घरी चित्त थाऱ्यावर नव्हतं, बाई म्हणाल्या.

चहाने शिंप्याची जीभ सैल झाली. सगळा दोष मुलीच्या सासूचा, असं त्याचं ठाम मत होतं. महाकावेबाज बाई, गोड बोलून पोरीला खिशात घातलं.

"पाहिलंय कधी त्यांना?"

"लग्नालाच गेलो नाही, पाहणार कुठे? पण तीस वर्षं मापं घेतोय, बाई. माणूस न बघता कळतो मला."

बाईंना ठसका लागला.

मग त्याने पिशवीतून झबली काढली. चार, चार मापांची. बाळ अंगाने कोणावर गेलंय ठाऊक नव्हतं. बाईंनी एक उलटून पाहिलं. आतून टोचेल असा एकही टाका नव्हता.

"सगळ्यात लहान द्या," त्या म्हणाल्या. "आणि निरोप काय सांगू?"

शिंप्याने ते त्यांच्या हाती दिलं आणि उरलेली तीन घडी करून पिशवीत ठेवली.

"म्हणावं, चुकलं माझं."

बाई वर गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शिंप्याने सदऱ्याचं एक बटण पिळून पिळून तोडलं.

बाई आल्या त्या हसतच. दुसरीला टेबल सांभाळायला सांगून त्यांनी यादी त्याच्यापुढे धरली. तीन नावांखाली मुलीच्या अक्षरात चौथं होतं: बाबा. शिंप्याने डोळे पुसले, पुन्हा वाचलं आणि वरच्या ओळीवर अडखळला. तिथे 'सासूबाई' लिहिलं होतं.

"ती वर आहे का?" त्याने आवाज खाली आणला. "मग मी जरा थांबतो."

"वर नाहीत त्या." बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "चला व्याहीबुवा, आपली नात जागी आहे तोवर."