पेट्रोलचं झाकण

कावळा चिंचेवर बसला होता. पिंड खाली होता. दोघंही जागचे हलत नव्हते.

"कैवल्य, तुझ्या आईला आम्ही अंतर देणार नाही," काकांनी ओढ्याकाठी उभं राहून, हात जोडून मोठ्यानं सांगितलं. कावळ्यानं चोच फांदीवर पुसली.

"तुझ्या बहिणीचं लग्न थाटात लावून देऊ!"

कावळ्यानं पाठ फिरवली. जाईला, म्हणजे त्या बहिणीला, त्याचं म्हणणं पटलं.

आज कैवल्यचा दहावा होता. कावळा शिवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालणार नव्हतं. गुरुजींच्या मते कैवल्यही तोवर इथंच अडकून राहणार होता. त्यातून तेरखेड्याचे कावळे गावातल्या फटाका कारखान्यांच्या आवाजात वाढलेले. त्यांना घाई करता येत नाही. ऊन डोक्यावर आलं. माणसं पोटावर हात ठेवून शोक करू लागली.

जाईला अजून रडू आलं नव्हतं. दात काढताना हिरडीला देतात ते इंजेक्शन कुणीतरी सगळ्या अंगाला दिल्यासारखं झालं होतं. लोक बोलायचे, ती त्यांच्या ओठांकडं बघायची.

तेवढ्यात बलभीम पुढं झाला. हायवेवर त्याचं गॅरेज होतं, आणि कैवल्यचं निम्मं आयुष्य तिथंच गेलं होतं.

"गुरुजी, म्या बोलू का? कैवल्यभाऊचं मन झाकणात अडकलंय."

"कसल्या झाकणात?"

"गाडीच्या. पेट्रोलच्या."

कैवल्यनं पुण्याहून एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच माणसं बसायची, आणि इतकी बुटकी की गावातल्या प्रत्येक गतिरोधकाला तिचा थोडा थोडा लाल रंग लागलेला. हा पोरगा गाडीपायी जाणार, असं सगळे म्हणत. तो काविळीनं गेला. गाडीला मात्र पेट्रोलचं झाकण नव्हतं. मूळचं प्लास्टिकचं होतं ते तुटलं, त्या जागी चिकटपट्टी होती. नवं शोभेचं झाकण निवडण्यात कैवल्यनं उन्हाळा घालवला. रात्रंदिवस मोबाइलवर झाकणं बघायचा. काळं की रुपेरी, हे ठरेना, म्हणून शेवटी त्यानं दोन्ही मागवली. पार्सल आलं तेव्हा सही करायला तो नव्हता.

"लई जीव होता त्याचा त्याच्यात," बलभीम म्हणाला. "बसवून बघू. काय जातंय?"

गुरुजींनी शास्त्रात झाकण आठवून पाहिलं. नव्हतं. पण त्यांनाही भूक लागली होती. ते म्हणाले, "बसवा."

बलभीमनं गाडी आणली. ओढ्याच्या उतारावर ती पोटावर बसली. मग लोकांनी पँटी-धोतरं सावरून ती उचलली. कैवल्यला खांदा दिलेली माणसंच होती ती. गाडी जड होती.

"अण्णा, कोणतं लावू?" बलभीमनं दोन्ही झाकणं नारायणरावांपुढं धरली.

नारायणराव म्हणजे जाईचे बाबा. नुकतं मुंडण केलेलं, अंगावर ओला पंचा. मुलगा असेपर्यंत या गाडीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. तिचं नावही ते घेत नसत, 'तो डबा' म्हणत. त्यांनी दोन्ही झाकणं हातात घेतली, उलटून पाहिली, अंगठा फिरवला.

"काळं."

बलभीमनं चिकटपट्टी सोलली, झाकणाचं कडं बसवलं, स्क्रू पिळायला घेतले. कावळा एक फांदी खाली उतरला. गुरुजींनी हात जोडले.

"काळं नको," बाबा म्हणाले. "अशुभ दिसतं. रुपेरी लाव."

बलभीमनं काळं काढलं. कावळा वर गेला. रुपेरी लावायला घेतलं. कावळा पुन्हा खाली आला, या खेपेला पार खालच्या फांदीवर.

"थांब. वाकडं बसतंय. काढ."

"अण्णा!" काका कळवळले. "माणसं ताटकळलीत. थोडं वाकडं असलं तर काय बिघडतंय?"

"मला वाकडं चालत नाही."

हे खरं होतं. बाबांनी सगळा जन्म कचेरीत कारकुनी केली. शिक्का तिरका उमटला म्हणून अर्ज परत करणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. मागं कुणीतरी पुटपुटलं, "माणूस रिटायर होतो, कारकून होत न्हाय." दोघंतिघं हसले आणि सुतक आठवून गप्प झाले.

बलभीमनं पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. बाबांनी मान हलवली. पुन्हा काढलं. बलभीमच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

जाईला नुसतं उभं राहायचा कंटाळा आला. ती गाडीपाशी जाऊन उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून बघू लागली. झाकण सरळ होतं. गोल, चकचकीत, त्या गाडीबरोबरच जन्मल्यासारखं. शेवटचा एकच स्क्रू राहिला होता, आणि त्याच्या भोकावर बाबांनी बोट ठेवलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सरळच आहे की."

"मला दिसतंय," तेही तितकंच हळू बोलले. "पण हे बसलं की तो जाईल गं."

जाईनं वर पाहिलं. कावळा पंख सैल करून, मान तिरकी करून तयारीत बसला होता. मागं सगळं गाव उपाशी उभं होतं.

ती उठली.

"बलभीमदादा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाकडं बसलंय. काढा परत."