नखाएवढा वैमानिक

अख्ख्या गावाच्या कवळ्या चोख बसवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं लढाऊ विमान दाद देईना. शाळेत असताना त्यांच्या मुलाने ते अर्धवट सोडलं, मोठेपणी खरं विमान उडवायला गेला, तो युद्धातून परतलाच नाही. आता डॉक्टर तेच खोकं उघडून बसले. आधी चाकं उलटी चिकटली, मग डावा पंख थेट त्यांच्याच अंगठ्याला. “बरं झालं, तुमचे पेशंट बघायला नाहीत,” बायको म्हणाली. अंगठा सुटला, विमानाचे दोन अर्धे भाग एकदाचे जुळले आणि डॉक्टर कितीतरी महिन्यांनी हसले. “अहो, हा कोण?” तिने टेबलावरून नखाएवढा वैमानिक उचलला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अगं, ह्याला आधी आत बसवायचं होतं.” जोड उकलायला त्यांनी दात टोकरायची सळई घेतली. तिने मूठ मिटली. “राहू द्या. विमान जाऊ दे. हा घरीच राहील.”